बुडबुड्यांची रुजुवात

द्रवातून वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर चढत असता त्या बुडबुड्यांचा आकार किती आणि वेग किती, हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु पिंपरीच्या कारखान्यात १९५५ सालापासून ज्या किण्वनपात्रांत पेनिसिलिन तयार होऊ लागले त्यांतील बुरशीला मिळणारा प्राणवायू, तारापूर येथे १९६९ साली सुरू झालेल्या अणुभट्ट्यांच्या उकळत्या पाण्यात वाफेने व्यापलेली आणि म्हणून न्यूट्रॉनांना मंदावण्यात उणी पडणारी जागा, आणि रासायनिक उद्योगांतील उत्तुंग वायु-द्रव स्तंभांची उत्पादनशक्ती, या सर्वांचा हिशेब अखेरीस याच प्रश्नापाशी येऊन ठेपतो. हवेच्या सान्निध्यात पाण्यात विरघळणारा प्राणवायू लिटरमागे सात-आठ मिलिग्रॅमांच्या पलीकडे सहसा जात नाही. बुरशी तो क्षणोक्षणी संपविते, आणि बुडबुड्यांच्या पृष्ठभागातून तो क्षणोक्षणी भरून यावा लागतो. एक लिटर हवा पाच मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यांत विभागली तर तिला १.२ चौरस मीटर पृष्ठफळ लाभते. तीच एक मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यांत विभागली तर ६ चौरस मीटर लाभते. आणि सारी कमाई या पृष्ठफळाची आहे. पुढील संवादातील विश्वनाथराव आणि सुलभाताई या व्यक्ती कल्पित असल्या तरी त्यांची मते या शास्त्रात खरोखर नांदत आलेली आहेत. विश्वनाथराव कारखान्यातील स्तंभ चालविण्याच्या अनुभवातून बोलतात आणि बुडबुड्याला स्पर्श न करता त्याचे माप घ्यावे असा आग्रह धरतात; सुलभाताई प्रयोगशाळेत काम करतात आणि प्रवाहाच्या पोटात शिरल्यावाचून खरे माप हाती लागत नाही असे मानतात.

विश्वनाथराव : सुलभाताई, माझी तक्रार मुळाशीच आहे. ज्या वस्तूचे माप घ्यावयाचे तिच्या स्वरूपात माप घेण्याच्या कृतीनेच फेरफार होऊ नये, हा मापनाचा पहिला दंडक. आणि तुम्ही तर केवळ पृष्ठताणाच्या बळावर आपली आकृती सांभाळून असलेल्या नाजूक वस्तूच्या अंगात सुई खुपसून तिची लांबी ठरवू पाहता. लहान बुडबुडा सुईच्या टोकाला बगल देऊन निसटतो, एखादा टोकावर आदळून मंदावतो, तर एखादा चपटा होऊन मगच सुईला आत घेतो. आणि या तिन्ही विकृती तुमच्याच पंथाच्या संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदलेल्या आहेत. याउलट पारदर्शक भिंतीपलीकडे उभा असलेला कॅमेरा कोणालाही उपद्रव देत नाही. बुडबुडे पुष्कळदा सरळ रेषेत न चढता नागमोडी किंवा मळसूत्री वाटेने चढतात, हे लिओनार्दो दा विंचीने पाच शतकांपूर्वी नुसत्या डोळ्यांनी पाहून टिपून ठेवले. आज तोच डोळा सेकंदाला हजार चित्रे घेऊ शकतो, आणि सेकंदाला २५ सेंटिमीटर वेगाने चढणारा बुडबुडा अशा दोन चित्रांच्या दरम्यान अवघा पाव मिलिमीटर सरकतो. व्यास दिसतो, आकृती दिसते, मार्ग दिसतो. याहून अधिक काय हवे?

सुलभाताई : बुडबुडा एकटा असेल तर अधिक काहीच नको, आणि एकेकट्या बुडबुड्याविषयी कॅमेऱ्याने दिलेले ज्ञान मी शिरसावंद्य मानते. अतिशुद्ध पाण्यात सव्वा-दीड मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३५ सेंटिमीटर चढतो, आणि तेच पाणी किंचित अशुद्ध झाले की पृष्ठभागावर जमलेल्या द्रव्यामुळे त्याचा वेग निम्म्याच्या आसपास उतरतो, ही गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यावाचून कोणी मानली नसती. परंतु आपल्या स्तंभात बुडबुडा एकटा होता कधी? वायूने द्रवाचे शेकडा चार-पाच भाग व्यापले न व्यापले तोच बुडबुडे एकमेकांआड दडतात, प्रत्येकाच्या वक्र पृष्ठावरून प्रकाश विखुरतो, आणि थोड्याच अंतरापलीकडे सर्वत्र दुधाळ धुके पसरते. गोल नळीच्या भिंतीने होणारा दृष्टीचा विपर्यास पाण्याने भरलेल्या चौकोनी पेटीत नळी बसवून पुष्कळसा टाळता येतो, हे खरे. पण पेटी धुके दूर करीत नाही. मग कॅमेऱ्याला दिसतात ते केवळ भिंतीलगतचे बुडबुडे, आणि ते सर्वांचे प्रतिनिधी नसतात. नळातून पाणी आणि हवा एकत्र वर जात असता साधारणपणे पाच-सहा मिलिमीटरांहून लहान बुडबुडे भिंतीकडे सरतात आणि त्याहून मोठे मध्याकडे ओढले जातात. म्हणजे वेशीवर भेटलेल्या माणसांवरून अवघ्या गावाची शिरगणती करण्यासारखा हा प्रकार होतो. आणि आपला कारखान्यातील स्तंभ पोलादी असतो. त्याला तर वेशीवरूनही आत पाहता येत नाही.

विश्वनाथराव : दिसत नसेल तर ऐकावे. मार्सेल मिनार्ट यांनी १९३३ सालीच दाखवून दिले की जन्मणारा बुडबुडा नाद करतो, आणि त्या नादाची वारंवारता त्याच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते; वातावरणीय दाबाच्या पाण्यात एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,३०० कंपने देतो. खळाळत्या ओढ्याच्या आवाजाचे मर्म त्यांनी याच सूत्रात शोधले. पोलादी भिंतीआडूनही नाद ऐकू येतो, आणि कानाने कोणाला इजा होत नाही.

सुलभाताई : सूत्र सुंदर आहे, आणि एखाद्या छिद्रातून एकामागून एक सुटणाऱ्या बुडबुड्यांचे माप त्याने उत्तम मिळते. परंतु बुडबुडा मुख्यतः सुटतो, फुटतो किंवा दुसऱ्यात मिसळतो तेव्हाच बोलतो. एरवी शांतपणे चढणारा बुडबुडा मौन धरून असतो. शिवाय दाट गर्दीत बुडबुडे एकमेकांच्या कंपनांत गुंतून सामुदायिक नाद करतात, आणि त्या समुच्चयातून एकेकाची त्रिज्या वेगळी काढणे दुरापास्त होते. म्हणूनच १९६३ साली नील आणि बँकॉफ यांनी प्रवाहात विद्युत्-रोध मोजणारी बारीक सुई उतरविली: टोक पाण्यात असेपर्यंत विद्युत् वाहते, टोकाला बुडबुड्याने गिळले की ती थांबते. सेंद्रिय द्रवांतून विद्युत् वाहत नाही, म्हणून पुढे प्रकाशतंतूचा प्रोब आला. तंतूच्या काचेचा अपवर्तनांक १.४६, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. टोकाला ४५ अंशांचा उतार दिला तर वायूत असताना प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने मागे फिरतो आणि द्रवात असताना बाहेर पडून जातो. अशी दोन टोके एकाखाली एक, दोन मिलिमीटर अंतरावर ठेवावीत. बुडबुडा खालच्या टोकावर आला, मग ८ मिलिसेकंदांनी वरच्या टोकावर आला, म्हणजे त्याचा वेग सेकंदाला २५ सेंटिमीटर. आणि खालचे टोक १६ मिलिसेकंद त्याच्या पोटात राहिले, म्हणजे त्याच्या अंगातून गेलेली जीवा ४ मिलिमीटर लांब. स्तंभ पोलादी असो, दाब मोठा असो, भोवती कितीही धुके असो, ही नोंद होतच राहते.

विश्वनाथराव : येथेच मी तुम्हाला अडवतो. तुम्ही जीवा मोजली, व्यास नव्हे. सुई बुडबुड्याच्या मध्यातून गेली की कडेवरून, हे तुम्हाला समजत नाही. शिवाय मोठ्या बुडबुड्याचे आडवे क्षेत्र मोठे असल्यामुळे तो सुईवर अधिक वेळा सापडतो आणि लहान बुडबुडा क्वचित सापडतो. म्हणजे तुमची शिरगणती माझ्या भिंतीलगतच्या शिरगणतीहून कमी पक्षपाती नाही. पक्षपाताची दिशा तेवढी निराळी आहे.

सुलभाताई : पक्षपात आहेच, परंतु तो नियमाने बांधलेला आहे, आणि त्या नियमाचा तपशील पाहिला तर त्यातून आपल्याला हवे तेच निघते, असे माझे म्हणणे आहे. समजा, द्रवाच्या एखाद्या भागात १,००० बुडबुडे आहेत. त्यांपैकी ९०० दोन मिलिमीटर व्यासाचे आणि १०० सहा मिलिमीटर व्यासाचे. आपल्या कॅमेऱ्याने सारे अचूक टिपले तर साधी सरासरी निघेल २.४ मिलिमीटर. आता हवेचा जमाखर्च मांडा. घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणून दहांत एक असलेल्या त्या मोठ्या बुडबुड्यांच्या पोटात एकंदर हवेचा तीन-चतुर्थांश साठा आहे. आणि पृष्ठफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून लहान आणि मोठे यांचे पृष्ठफळ अगदी समसमान, प्रत्येकी निम्मे आहे. घनफळ आणि पृष्ठफळ यांचे हेच गुणोत्तर कायम ठेवणारा व्यास आपल्याला हवा, ज्याला शास्त्रात झाउटर व्यास म्हणतात. आणि तो या उदाहरणात निघतो ४ मिलिमीटर. वायूने शेकडा १२ भाग व्यापले असतील, तर ४ मिलिमीटर धरून घनमीटरमागे १८० चौरस मीटर पृष्ठफळ येते आणि २.४ धरून ३०० येते. साध्या सरासरीवर विसंबून स्तंभ बांधणारा आपल्या गाठी नसलेले १२० चौरस मीटर पृष्ठफळ कागदोपत्री जमा धरतो.

विश्वनाथराव : हिशेब बिनतोड आहे, पण माझ्या चित्रांतूनही हा झाउटर व्यास मला काढता येईल.

सुलभाताई : येईल, सारे बुडबुडे दिसले तर. प्रोबला मात्र सारे दिसण्याची गरजच पडत नाही. त्याच्यावर बुडबुडा सापडण्याचा संभव व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून वरील ९०० लहान आणि १०० मोठे सारख्या वेगाने चढत असतील, तर प्रोबवर लहान आणि मोठे निम्मे निम्मे सापडतात. गोलाच्या आरपार कोठेही गेलेल्या समांतर जीवांची सरासरी व्यासाच्या दोन-तृतीयांश भरते, हे भूमितीचे सत्य आहे. तेव्हा दोन आणि सहा यांची सरासरी चार, तिचा दोन-तृतीयांश म्हणजे २.६७ मिलिमीटर ही प्रोबने मोजलेल्या जीवांची सरासरी. तिची दीडपट करा, नेमके ४ मिलिमीटर येतात. कोणताही बुडबुडा किती मोठा होता हे वेगळे न जाणताही प्रोब झाउटर व्यास देऊन जातो. ज्या पक्षपातावर आपण बोट ठेवले, तोच येथे कारकुनाप्रमाणे बेरीज मांडून देतो.

विश्वनाथराव : 'सारख्या वेगाने' आणि 'गोल' हे दोन शब्द तुम्ही हळूच आत घेतलेत. सहा मिलिमीटरांचा बुडबुडा पाण्यात गोल राहत नाही; तो चपटा होतो, डोलतो, तिरपा जातो. तिरप्या बुडबुड्याला तुमची दोन टोके खोटा वेग लावतात, आणि ज्याला एका टोकाने पाहिले व दुसऱ्याने पाहिलेच नाही त्याचे काय करावयाचे? आणखीही एक बाब आहे. रस्त्याच्या कडेला उभा राहून येणारी-जाणारी वाहने मोजणारा मनुष्य आणि गच्चीवरून त्याच रस्त्याचे एक छायाचित्र घेणारा मनुष्य यांच्या गणती जुळत नाहीत, कारण पहिल्यासमोरून वेगवान वाहने अधिक संख्येने निघून जातात आणि दुसऱ्याच्या चित्रात मंद वाहने रेंगाळत असल्यामुळे अधिक भरतात. तुमचा प्रोब कडेला उभा आहे आणि माझा कॅमेरा गच्चीवर. मग दोघांचे आकडे वेगवेगळे आले म्हणून कोणी कोणाला खोटे म्हणावे?

सुलभाताई : कोणीच म्हणू नये, आणि हा मुद्दा मांडून आपण वाद योग्य जागी आणलात. दोन साधनांनी एकाच समुदायाचे दोन निराळे अंश गणलेले असतात, आणि प्रत्येकाने कोणता अंश गणला ते सांगता आले तर एका आकड्यावरून दुसऱ्याकडे जाता येते. तिरप्या गतीसाठी चार टोकांचे प्रोब केले जातात, त्यांतून वेगाची दिशाही निघते. चपटेपणासाठी आधी पारदर्शक नळीत एकेक बुडबुडा कॅमेऱ्यासमोरून आणि त्याच वेळी प्रोबवरून सोडावा, दोघांच्या नोंदी ताडून पाहाव्या आणि दुरुस्तीचा दाखला घेऊन मगच प्रोब पोलादी पात्रात उतरवावा. कॅमेरा माझा प्रतिपक्षी नाही. माझ्या प्रोबला तो परीक्षक म्हणून हवा आहे.

विश्वनाथराव : परीक्षकाचे पद मी स्वीकारतो, परंतु पात्र बंद झाल्यावर परीक्षक कोण? तेथे तुमचा प्रोब एकटाच बोलणार.

सुलभाताई : तेथे जमाखर्च बोलतो. तळाशी मापकातून किती वायू आत सोडला हे आपल्याला ठाऊक असते. कोणत्याही पातळीवर वायूचा अंश आणि बुडबुड्यांचा वेग यांचा गुणाकार सर्व आडव्या छेदावर मिळविला, तर तो त्या वायूइतकाच भरला पाहिजे. तसेच १.७६ मीटर उंचीचा द्रव हवा सोडल्यावर फुगून २ मीटर झाला, तर वायूचा सरासरी अंश ०.१२ आहे हे साध्या पट्टीने समजते, आणि प्रोबने जागोजागी मोजलेल्या अंशांची सरासरी त्याच्याशी जुळली पाहिजे. ही रुजुवात न करता प्रसिद्ध केलेल्या मापांवर माझा विश्वास नाही, मग ती माझ्याच प्रयोगशाळेतील का असेनात.

विश्वनाथराव : रुजुवातीतही गफलत होऊ शकते. सरासरी अंश ०.१२ आणि सरासरी वेग २५ सेंटिमीटर, म्हणून प्रवाह ३, असा गुणाकार करणारे पुष्कळ मी पाहिले आहेत.

सुलभाताई : तो गुणाकार चुकीचाच आहे. छेदाच्या मधल्या अर्ध्या क्षेत्रात अंश ०.१८ आणि वेग ४०, आणि बाहेरच्या अर्ध्यात अंश ०.०६ आणि वेग १० असेल, तर सरासरी तीच, ०.१२ आणि २५. परंतु खरा प्रवाह निघतो ३.९, म्हणजे शेकडा ३० अधिक. वायू जेथे दाट, तेथेच द्रवही वर धावत असतो. आणि भिंतीजवळ द्रव खाली उतरतो, तो लहान बुडबुड्यांना कधी कधी सोबत खाली नेतो. झुबर आणि फिंडले यांनी १९६५ साली या सहसंबंधाला गणितात जागा दिली. आणि १९७९ साली मुंबईत, माटुंग्याच्या रासायनिक तंत्रविभागात, ज्येष्ठराज जोशी आणि मन मोहन शर्मा यांनी बुदबुद-स्तंभातील या अभिसरणाचे प्रतिमान मांडले. वेग आणि अंश यांची बिंदूबिंदूवर मापे हवीत असा माझा हट्ट आहे तो याचसाठी. भिंतीबाहेरून हा सहसंबंध दिसत नाही.

विश्वनाथराव : शर्मांचे नाव तुम्ही काढलेत, तेव्हा माझा शेवटचा आणि सर्वांत भक्कम मुद्दा मांडतो. त्यांनी आणि डँकवर्ट्स यांनी १९७० साली पृष्ठफळ मोजण्याच्या रासायनिक पद्धतींचा जो आढावा घेतला, त्याने आम्हा कारखानदारांचे मोठे काम केले. ज्या विक्रियेचा वेग ठाऊक आहे अशी विक्रिया स्तंभातच घडवावी, अल्कलीत कार्बन डायऑक्साइड शोषू द्यावा किंवा सल्फाइटाचे प्राणवायूने सल्फेट होऊ द्यावे, आणि किती वायू खर्ची पडला त्यावरून एकंदर पृष्ठफळ काढावे. कॅमेरा नको, प्रोब नको, एकेका बुडबुड्याची कैफियत नको. मला पृष्ठफळ हवे होते, ते पृष्ठफळानेच सांगितले.

सुलभाताई : स्पर्श न करण्याचा दंडक आपण घातला होता, विश्वनाथराव, आणि आता त्या दंडकाचा सर्वांत मोठा भंग आपणच सुचवीत आहात. पाण्यात पुरेसे क्षार मिसळले की बुडबुडे एकमेकांत मिसळण्याचे प्रमाण उतरते, आणि ते लहान राहतात. म्हणजे सल्फाइटाच्या द्रावणात मोजलेले पृष्ठफळ शुद्ध पाण्याचे नव्हे, आणि आपल्या किण्वनपात्रातील पोषणद्रवाचे तर नव्हेच. माझी सुई एका जागी थोडा विक्षेप करते, आपला क्षार पात्रातील प्रत्येक बुडबुडा बदलतो. तरीही मी ही पद्धत टाकीत नाही. त्याच क्षारद्रावणात प्रोबही उतरवावा. दोघांचे पृष्ठफळ जुळले तर प्रोबवर भरवसा ठेवून त्याला मूळ पोषणद्रवात न्यावे, जेथे रसायनाला प्रवेश नाही.

विश्वनाथराव : हे मला मान्य आहे, आणि दंडकाविषयीचा माझा आग्रह मी एवढ्यापुरता सैल करतो: स्पर्श टाळता येत नसेल तर स्पर्शाने काय बिघडले ते मोजून सांगावे. परंतु मग माझीही एक अट मान्य करा. आजवर माझ्या आराखड्यांत 'बुडबुड्याचा व्यास ४ मिलिमीटर' एवढाच आकडा येत असे. यापुढे त्याच्यासोबत ही नोंद हवी की ती सरासरी साधी की झाउटर, माप मध्यावर घेतले की भिंतीलगत, द्रव नळाचे पाणी होते की खरे पोषणद्रव, आणि प्रोबने चुकविलेल्या लहान बुडबुड्यांसाठी कोणती दुरुस्ती केली. हा तपशील नसलेला आकडा मी दफ्तरी दाखल करून घेणार नाही.

सुलभाताई : अट मान्य, आणि तिच्यात एक कलम वाढवा: मापकातील वायूशी रुजुवात झाली की नाही, आणि फरक किती राहिला. परंतु एवढे सारे करूनही रसायनाचे पृष्ठफळ आणि प्रोबचे पृष्ठफळ यांत पाचवा हिस्सा फरक राहिला, तर आपण काय कराल?

विश्वनाथराव : जो आकडा लहान, तो धरून स्तंभ बांधीन. उत्पादन तुमच्या चौकशीसाठी खोळंबून राहू शकत नाही, आणि पृष्ठफळ थोडे अधिक निघाले तर कोणाचे नुकसान नाही.

सुलभाताई : या स्तंभापुरते नाही. परंतु तो फरक मोठ्या बुडबुड्यांच्या डोलण्यातून आला असेल तर रुंद स्तंभात तो वाढेल, आणि भिंतीलगतच्या उतरत्या प्रवाहातून आला असेल तर बहुधा उतरेल. कारण न शोधता आपण दहापट मोठा स्तंभ बांधाल, तेव्हा आज सुरक्षित वाटणारा लहान आकडा सुरक्षित राहिला की नाही हे आपल्याला सांगता येणार नाही. म्हणून मी तेथे थांबेन.

विश्वनाथराव : आणि मी बांधीन. पण तो पाचवा हिस्सा मी खोडणार नाही, झाकणार नाही, की सरासरीत विरघळवून टाकणार नाही. आराखड्याच्या पहिल्याच पानावर, व्यासाच्या आकड्याशेजारी, तो ठळक लिहीन, म्हणजे मोठा स्तंभ बांधण्याचा हुकूम ज्याच्या हाती येईल त्याला तुमच्याकडे आल्यावाचून गत्यंतर राहणार नाही.